सीआरपी ०.९ होता, बदाम-अक्रोड सुरू केले आणि १.४ झाला

प्रश्न असा आहे. विचारणारे गृहस्थ ४१ वर्षांचे, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबड एमआयडीसीत. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांचा एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, ०.९ आला. बीपी, साखर, थायरॉइड सगळं ठीक. सुकामेव्याने शरीरातलं इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, कमी होतं असं ऐकून त्यांनी रोज सकाळी सहा भिजवलेले बदाम आणि दोन अक्रोड खायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा १.४. रिपोर्टवर आधी ‘कमी धोका’ लिहिलं होतं, आता ‘मध्यम धोका’ आलं. सासूबाई म्हणतात बदाम उष्ण पडले. मित्र म्हणतो शेंगदाणे आधी बंद कर, त्यातल्या ओमेगा-६ चरबीने आग वाढते. आणि घरात रोजच्या भाजीत दाण्याचा कूट असतोच. तर सुकामेव्याने दाह वाढला का, निरोगी माणसात तो कमी होतो हे खरं का, कोणता मेवा किती खायचा, आणि चार वर्षांच्या मुलीला द्यायचा का?

आधी काळजी मिटवते. बदाम-अक्रोडांनी तुमच्या शरीरात दाह वाढवलेला नाही. पण तितक्याच स्पष्टपणे हेही सांगते की आकडा ०.९ वरून ०.५ झाला असता तरी त्याचं श्रेय मी बदामांना दिलं नसतं. ज्याच्या शरीरात जुनाट दाह जवळपास नाहीच, त्याच्या रक्ततपासणीत सुकामेव्याचा परिणाम शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. तरीही मी तुम्हाला तो बंद करायला सांगणार नाही, उलट वाढवायला सांगणार आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळलं. शरीरात कुठे जंतुसंसर्ग झाला, जखम झाली, सूज आली की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन रक्तात सोडतात. ते यकृताला पोचलं की यकृत सीआरपी बनवायला लागतं. काही तासांत रक्तातलं प्रमाण चढतं, साधारण दोन दिवसांत सर्वांत वर जातं, आणि मूळ कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मं होत उतरतं. मोठ्या संसर्गात हा आकडा शंभराच्या पुढे सहज जातो. तुम्ही केलेली ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ चाचणी मात्र अगदी खालच्या पातळीवरचा फरक मोजण्यासाठी आहे. अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशन आणि तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांनी २००३ मध्ये तिच्यासाठी पट्टे आखले: लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. तुमच्या रिपोर्टवरचे शब्द तिथून आले आहेत. हे पट्टे हृदयविकाराचा पुढचा धोका ठरवताना बाकीच्या गोष्टींच्या जोडीने वापरायचे असतात. आहारातला एखादा पदार्थ लागू पडला की नाही, हे जोखण्यासाठी ते आखलेलेच नाहीत.

नाशिककरांना हे एका उदाहरणाने लगेच कळेल. गोदावरीला पूर आला की आपण पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं ते विचारतो. गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, यावरून पुराचा अंदाज बांधतो आणि तो बरोबर निघतो. पण उन्हाळ्यात पाणी मारुतीच्या पायाशीही नसताना गंगापूर धरणातून थोडं जास्त सोडलं की कमी, हे मारुतीकडे बघून सांगता येईल का? निरोगी माणसाचा सीआरपी तसा असतो. पूर मोजायला तो उत्तम आहे. पूरच नसेल तर त्याचा आकडा आज इकडे, उद्या तिकडे होत राहतो आणि त्यातून फारसा बोध होत नाही.

०.९ आणि १.४ मधला फरक कशानेही येतो. तपासणीच्या आठवड्यात झालेली सर्दी, ब्रश करताना रक्त येणाऱ्या सुजलेल्या हिरड्या, एखादी लस, सलग रात्रपाळ्या, कमी झोप, यांतलं काहीही पुरतं. सवय नसताना केलेले मोठे शारीरिक कष्टही पुरतात. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून आल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी रक्त दिलं, तर सीआरपी वाढलेला दिसला तरी मला नवल वाटणार नाही, कारण स्नायूंना झालेल्या बारीक इजांची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. म्हणूनच धोका ठरवायचा असेल तर ही चाचणी साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घ्यावी अशी शिफारस आहे. आकडा १० च्या वर आला तर तो हृदयाच्या हिशेबात धरायचा नसतो. आधी संसर्ग शोधायचा आणि बरं वाटल्यावर पुन्हा तपासायचं. तुमच्याकडे दोन सुटे आकडे आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. मधल्या काळात घडलेल्या शंभर गोष्टींपैकी तुम्ही बदामच तेवढे लक्षात ठेवलेत, कारण ते मुद्दाम सुरू केले होते.

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. इथे दोन प्रकारचे अभ्यास आहेत आणि त्यांची उत्तरं थोडी वेगळी येतात. जाहिरातीत पहिल्या प्रकारची उत्तरं वापरली जातात, म्हणून हा फरक समजून घ्यायला हवा.

पहिला प्रकार म्हणजे लोक आपापल्या सवयीने काय खातात ते विचारायचं आणि त्यांचं रक्त तपासायचं. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या दोन मोठ्या गटांतल्या ५,०१३ जणांच्या रक्ताचं असं विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा सुकामेवा खाणाऱ्यांचा सीआरपी, जवळजवळ कधीच न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता आणि इंटरल्यूकिन-६ सुमारे १४ टक्क्यांनी. हे आकडे खरेच आहेत. पण जो माणूस आठवड्यातून पाचदा बदाम खातो, तो बहुधा चालायलाही जातो, सिगारेट ओढत नाही, फळं-भाज्या जास्त खातो. संशोधक गणिताने हे फरक काढून टाकायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्ण निघत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडायचे, एका गटाला मेवा द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि वाट पाहायची. अशा ३२ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये निघाला. त्यात रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता मेवा खाणाऱ्यांत सुधारलेली दिसली. सीआरपी, इंटरल्यूकिन-६ यांत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. माझ्या मते तुमच्यासारख्या माणसासाठी सर्वांत प्रामाणिक उत्तर याच आढाव्यात आहे. रक्तवाहिनीला फायदा होतो, सीआरपीचा आकडा हलत नाही.

सगळे प्रयोग एकसारखे नाहीत. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात २५ निरोगी लोकांना आळीपाळीने तीन आहार चार-चार आठवडे दिले: एकात बदाम नाहीत, एकात एकूण उष्मांकांचा १० टक्के वाटा बदामांचा आणि एकात २० टक्के. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन्ही बदामी आहारांत सीआरपी थोडा कमी होता, पण बदाम दुप्पट केल्यावर तो आणखी उतरला असं काही झालं नाही.

दुसरा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. बार्सिलोना आणि लोमा लिंडा इथे ६३ ते ७९ वयाच्या ठणठणीत ज्येष्ठांना दोन वर्षं रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड दिले आणि दुसऱ्या गटाला अक्रोड टाळायला सांगितले. एवढ्या निरोगी लोकांना इतका काळ मेवा देऊन दाह मोजणारे प्रयोग फारच थोडे आहेत. दाहाशी संबंधित दहा घटक मोजले, त्यांपैकी सहा अक्रोडाच्या गटात कमी झाले. किती? साडेतीन ते साडेअकरा टक्के. इंटरल्यूकिन-६ त्यात होतं. म्हणजे वय वाढताना हळूहळू चढणारा बारीक दाह अक्रोडाने थोडा आवरला असं म्हणायला जागा आहे. पण १० टक्के म्हणजे तुमच्या आकड्यात काय होईल, तर ०.९ चा ०.८. लॅबच्या रिपोर्टवर हा फरक कुणाला जाणवणारही नाही. या प्रयोगाला कॅलिफोर्नियातल्या अक्रोड उत्पादकांच्या मंडळाने पैसा दिला होता, आणि बदामांवरच्याही बऱ्याच संशोधनामागे तिथल्या बदाम मंडळाचा पैसा असतो. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचकाला हे ठाऊक असलं पाहिजे असं मला वाटतं.

आता कुणी स्पेनच्या ‘प्रेडिमेड’ प्रयोगाचं नाव घेईल. त्यात ७,४४७ लोक होते, एका गटाला भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम मेवा होता, निम्मा अक्रोड आणि उरलेल्यात बदाम व हेझलनट. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. फार मोठी गोष्ट आहे ही. पण ते लोक ५५ ते ८० वयाचे होते आणि मधुमेह, वाढलेला बीपी, कोलेस्टेरॉल अशा कारणांनी हृदयविकाराचा धोका असलेले होते. जिथे दाह आहे तिथे तो उतरायला वाव असतो. तुमच्या ०.९ ला उतरायला जागाच किती आहे?

मग मेवा खायचा कशासाठी? हृदयासाठी, आणि त्याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या ३१ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा मेवा खाणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके क्वचित खाणाऱ्यांच्या जवळपास निम्मे होते. त्यानंतर अनेक देशांतून हेच चित्र पुन्हा पुन्हा आलं. ते सगळं श्रेय दाह कमी होण्याला देता येत नाही. बराचसा फायदा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल उतरण्यातून येतो. बदाम, शेंगदाण्यांत असंतृप्त चरबी जास्त, संतृप्त कमी. तंतुमय पदार्थ भरपूर: बदामात १०० ग्रॅमला सुमारे १२ ग्रॅम, शेंगदाण्यात ८. आतड्यातले जीवाणू हे तंतू आंबवून ब्युटिरेट बनवतात, आणि ते आतड्याच्या अस्तराला पोसतं. शेंगदाण्यात आणि बदामात आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड शरीर त्यातूनच बनवतं. अक्रोडात वनस्पतीज ओमेगा-३ आहे, २८ ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या आसपास. अक्रोडाच्या पातळ सालीतल्या टॅनिनांपासून काही लोकांच्या आतड्यातले जीवाणू युरोलिथिन नावाची रसायनं बनवतात आणि प्रयोगशाळेत ती दाहशामक ठरली आहेत. ‘काही लोकांच्या’ म्हणते, कारण ते जीवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकच अक्रोड दोन माणसांत दोन तऱ्हेने वागतो तो त्यामुळेही.

इथे सालीबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे बदाम भिजवून सोलून खायची पद्धत आहे. भिजवलेले बदाम चावायला सोपे, दात कमजोर असलेल्यांना बरे, त्यात वाईट काही नाही. पण बदामातले बहुतेक पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतले उपयुक्त घटक, त्या तपकिरी सालीत असतात आणि आपण तीच कचऱ्यात टाकतो. चालत असेल तर सालासकट खा. शेंगदाण्याच्या लाल टरफलाचंही तेच. कूट करताना पाखडून ते सगळं काढायचा हट्ट नको.

मात्रेची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सहा बदाम म्हणजे जेमतेम ७ ग्रॅम. त्यात दोन अक्रोडांचा गर, म्हणजे आणखी ८ ग्रॅम. तुमचा सगळा मेवा १५ ग्रॅमच्या आसपास होतो. ज्या प्रयोगांतून फायदे दिसले त्यांत रोज २८-३० ग्रॅमपासून ६० ग्रॅमपर्यंत मेवा होता. २८ ग्रॅम म्हणजे २३ बदाम, किंवा १४ अक्रोडाचे अर्धे तुकडे, किंवा १८ काजू. ‘रोज चार बदाम’ हा आपला ठरलेला आकडा कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. तो काटकसरीतून आला आहे, आणि काटकसर समजण्यासारखी आहे. पण चार बदामांकडून प्रयोगातल्या फायद्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

मग उष्मांकांचं काय? ३० ग्रॅम मेव्यात १७० ते १९० कॅलरी असतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजून दाखवलं की अख्ख्या बदामांतल्या सगळ्या कॅलरी शरीराला मिळत नाहीत. २८ ग्रॅम बदामांतून १७० ऐवजी १२९ च्या आसपास मिळतात, कारण न फुटलेल्या पेशींत अडकलेली चरबी तशीच बाहेर जाते. तरी त्या कॅलरी आहेतच. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारते, ‘हे कशाच्या जागी खाणार?’ माझ्या अनुभवात सगळा फरक या एका प्रश्नाने पडतो. कारखान्यात चारच्या चहाबरोबर येणारी खारी, बिस्किटं, फरसाण किंवा वडापाव यांच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि बदाम आले, तर मैदा, वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि मीठ एकदम कमी होतं. तेच शेंगदाणे त्या खारीच्या वर आणखी खाल्ले, तर वर्षभरात पोटाचा घेर वाढेल. आणि पोटाचा घेर वाढला की सीआरपी खरोखर वाढतो, कारण पोटाच्या आतली चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडत असते. प्रयोगांतही हेच घडतं. दुसऱ्या गटाला मेव्याच्या जागी काय दिलं होतं, यावर निकाल बराच अवलंबून असतो.

पोटाच्या घेराबद्दल थोडं थांबते, कारण तुमच्या पत्रात तोच एक आकडा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय अंगाने बारीक दिसूनही आत चरबी बाळगून असतो. तेव्हा बीपी-साखर नॉर्मल म्हणून ‘मी निरोगी’ म्हणण्याआधी बेंबीच्या पातळीवर टेप लावून बघा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला असाल, तर दाह कमी करायची तुमची सर्वांत मोठी संधी तिथे आहे. गंगापूर रोडला किंवा गोदापार्कला रोज पाऊण तास चालणं, वेळेवर झोप आणि दंतवैद्याकडून हिरड्या साफ करून घेणं, या तिन्हींचा सीआरपीवरचा परिणाम बदामांपेक्षा जास्त दिसेल.

शेंगदाण्यांवर मित्राने घेतलेला आक्षेप मला सर्वांत जास्त खटकला, कारण त्याच्या भीतीने घरातला सर्वांत स्वस्त चांगला पदार्थ बाहेर जाईल. आक्षेप असा की ओमेगा-६, म्हणजे लिनोलेइक आम्ल, शरीरात अरॅकिडॉनिक आम्ल बनतं आणि त्यातून दाह वाढवणारी रसायनं निघतात. कागदावर ही साखळी बरोबर दिसते. पण निरोगी माणसांना लिनोलेइक आम्ल जास्त देऊन दाह मोजणाऱ्या १५ प्रयोगांचा आढावा २०१२ मध्ये घेतला गेला, तेव्हा दाह वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. शरीर ती साखळी फार आखडत्या हाताने चालवतं. तसंही शेंगदाण्यात सर्वांत जास्त चरबी ओमेगा-९ ची असते, ऑलिव्ह तेलात असते तीच.

शेंगदाणा वनस्पतिशास्त्राने कडधान्य आहे, पण शरीरात तो बदामाच्या पंगतीतच बसतो. अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या दीर्घ पाहणीत, जी २०१७ मध्ये आली, आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा शेंगदाणे खाणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका १३ टक्क्यांनी कमी होता. झाडावरच्या मेव्याच्या बाबतीत तो १५ टक्के होता. दोन टक्क्यांच्या फरकासाठी पाच-सहापट किंमत मोजायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांवर आणि शांघायच्या रहिवाशांवर झालेल्या अभ्यासात मेवा म्हणजे मुख्यतः शेंगदाणेच होते, आणि तिथेही ते खाणारे जास्त जगले. येवला, मालेगाव, सटाण्याकडच्या माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका ‘आम्हाला बदाम परवडत नाहीत’ म्हणताना ओशाळतात. त्यांच्या घरी दाण्याची आमटी असते, कूट घातलेली भरली वांगी असतात, पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ-शेंगदाणे देतात. त्यांच्या ताटात हा फायदा आधीपासून आहे. त्यात जवसाची चटणी घातली की अक्रोडातलं ओमेगा-३ ही येतं, तेही बाराही महिने परवडेल अशा भावात.

सासूबाईंच्या ‘उष्ण’ म्हणण्याकडेही दुर्लक्ष करू नका. तोंड येणं, पित्त, छातीत जळजळ असा त्रास बदाम किंवा शेंगदाण्यांनी तुम्हाला होत असेल, तर तो खराच आहे. चरबीयुक्त पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात आणि रिकाम्या पोटी खाल्ले तर काहींना पित्त होतं. मात्रा कमी करा, जेवणासोबत घ्या. पण हा त्रास आणि सीआरपीने मोजला जाणारा दाह यांचा संबंध जोडू नका.

मेवा कसा निवडायचा, यावर मी तडजोड करत नाही. अक्रोड चाखून पाहा. खवट लागला तर फेकून द्या, महाग होता म्हणून संपवू नका. खवटपणा म्हणजे त्यातलं तेल ऑक्सिडाइज झालेलं असतं, आणि ज्यासाठी आपण तो खातो तेच त्यात उरलेलं नसतं. रविवार कारंजा, मेन रोड भागातल्या जुन्या दुकानांत माल पटापट खपतो, तिथे थोडाथोडा घ्या आणि पावसाळ्यात फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेंगदाण्याला बुरशी, काळपट डाग, कडवट चव असेल तर तो दाणा निवडून काढा. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक आहे, कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे आणि भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. पॅकिंग फोडल्यावर कुबट वास आला तर कूट करून खपवू नका.

हातगाडीवरचे भाजके शेंगदाणे चांगले, ओल्या शेंगांच्या दिवसांत उकडलेल्या शेंगा त्याहून चांगल्या. चिवड्यातले तळलेले दाणे, मसाला काजू, बेसनात बुडवलेले शेंगदाणे या हिशेबात धरू नका. डिंकाचे लाडू थंडीत एखादा जरूर खा, निफाडच्या गारठ्यात तो सोसतोही, पण त्यात मेव्यापेक्षा तूप आणि गूळ जास्त असतो. सुकं खोबरं मेव्याच्या डब्यात असलं तरी त्यातली चरबी बहुतांश संतृप्त आहे, बदामाशी त्याची तुलना नको. आणि आपल्या जिल्ह्याचे बेदाणे! पिंपळगाव-निफाडकडचे बेदाणे मलाही फार आवडतात. पण ते फळ आहे, वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर. दिवाळीच्या भेटीच्या पुड्यात ते बदामांशेजारी असतात म्हणून मुठीत निम्मे बेदाणे घेतले, तर मेवा निम्माच पोटात जातो.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. सकाळचे सहा बदाम आणि दोन अक्रोड तसेच ठेवा, चारच्या चहाला खारी-फरसाण सोडून १५ ग्रॅम, म्हणजे छोटी मूठभर भाजके, बिनमिठाचे शेंगदाणे घ्या. रोजच्या कुटाचा अंदाज त्यात धरा, घरच्या भाजीत माणशी दोन चमचे कूट जात असेल तर संध्याकाळचे दाणे थोडे कमी. सीआरपी पुन्हा तपासू नका, वर्षभर तरी. त्याऐवजी सहा महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी करा आणि कमरेचा घेर मोजा. मेव्याचा परिणाम दिसायचा असेल तर तिथे दिसेल. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्या कुणीही मेव्याच्या भरवशावर ती स्वतःहून बंद करू नये. सीआरपी वारंवार ३ च्या वर येत असेल, किंवा वजन उतरणं, ताप, सांधे सुजणं अशी लक्षणं असतील, तर डॉक्टरांना दाखवा. तो विषय आहाराचा नाही.

घरात कुणाला ऑक्झलेटचे मुतखडे पुन्हा पुन्हा होत असतील तर बदाम बेताने, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. युरिक अॅसिड वाढलेले लोक घाबरून मेवा सोडतात, त्याची गरज नसते, ज्यातून ते बनतं ते प्युरिन मेव्यात कमी असतं. शेंगदाणा किंवा मेव्याची अॅलर्जी असलेल्यांनी मात्र चवीपुरताही खाऊ नये. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं यांतलं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

तुमच्या चार वर्षांच्या मुलीला मेवा द्या, पण अख्खा दाणा हातात देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांत शेंगदाणा किंवा बदाम श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा असतो, विशेषतः धावता-खेळताना किंवा हसताना खाल्ला तर. पोळीला घट्ट न थापता पातळ लावलेलं शेंगदाण्याचं बटर, दह्यातला कूट, दुधात किंवा खिरीत घातलेली बदामाची बारीक पूड, असं काहीही चालेल. दिवसाला दोन-तीन चमचे तिला पुरेत.